कोऱ्या वाफ्यातली गाजरं

भातकुलीच्या रस्त्यावर रागिणीची स्कूटी पंक्चर झाली, तेव्हा तिच्यासोबत काही अब्ज प्रवासी होते. सगळे एका पिशवीत. ती पहिल्याच शेतात शिरली आणि तिथल्या पोराला म्हणाली, "थोडी सावली मिळेल?"

"बसा न निंबाखाली."

"मला नको. यांना हवी."

त्यानं, म्हणजे अंकुरनं, पिशवीत डोकावलं. आत भुरकट भुकटी. "कोन हायेत हे?"

"जिवाणू. गाजराच्या मुळाशी आधीच जाऊन बसतात. सडवणाऱ्या बुरशीला टेकायला जागा देत नाहीत."

"म्हनजे एस्टीतल्या रुमालासारखे."

एम.एस्सी.त कोणी इतकं नीट समजावलं नव्हतं. अकोल्याची रागिणी प्रयोगासाठी शेत शोधत होती, आणि अंकुरची गाजरं दरसाल सडत होती. जमलं. एका वाफ्यात शेणखतातून जिवाणू, शेजारचा वाफा कोरा. दोन्हींत फरक दिसला, तरच तिची एम.एस्सी. पार पडणार होती.

ती दर रविवारी येऊ लागली. अंकुर वाफ्याशी वाकून विचारायचा, "जेवले का?"

"त्यांना ऐकू येत नाही."

"मंग तुमी सांगा... जेवल्या का?"

काढणीच्या दिवशी जिवाणूंच्या वाफ्यातून गाजरं निघाली लालभडक, सरळसोट. कोऱ्या वाफ्यातूनही तशीच. रागिणी बांधावर बसली.

"यात काय टाकलं?"

अंकुरनं निंबाकडे पाहिलं. "उरलेली पिशवी."

"काहून?" रागानं तिची विद्यापीठातली मराठी सुटली.

"दोन गाजरं सडले. मले पाहवलं नाई."

"सडायलेच ठेवला होता न तो वाफा. वर्ष बुडवलं तुमी माहं."

"हो. अन् प्रयोग संपला असता, त तुमी येनं बंद केलं असतं... हे दुसरं कारन. म्हनजे – पयलंच."

तिनं एक गाजर उचललं, त्याच्याच खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसलं आणि खाल्लं. गोड होतं. चिडण्याच्या कामी त्याची काडीची मदत झाली नाही.

"पुढच्या साली पुन्हा पेरू," ती म्हणाली. "कोऱ्या वाफ्यावर माझा पहारा. रोज."

"रोज अकोल्याहून?"

"अकोल्याहून काहून? तुमच्या घरी जागा नाई का?"

अंकुरच्या दोन्ही हातांतल्या पाट्या सुटल्या. दोन्ही वाफ्यांची गाजरं एकमेकांत मिसळली.

"आता कोनतं कुठलं, कसं वयखाचं?" तो म्हणाला.

"राहू द्या," रागिणी म्हणाली आणि त्याच्याशेजारी बसून वेचू लागली. "उद्या माह्या बाबांले फोन करा. अन् प्रयोगाचं काही बोलू नका."