आंधळा कॉम्प्युटर

“बाळाचा खांदा निखळला, आणि पाळणाघराचं रेकॉर्डिंग म्हणे खराब झालंय!” बाळाची आई घारबाईंना सांगत होती. मागे पाळणाघरातल्या मावशी उभ्या. “परवा संचालिकाबाईंनी सगळ्या पालकांसमोर मावशींना हाकललं. यांनीच ओढलं म्हणे. विश्वास कुणावर ठेवू?”

“तूर्त कुणावरच नको,” घारबाई उठल्या. खाजगी शोधाचं काम करणाऱ्या या बाईंना सगळे याच नावाने ओळखत. लॅपटॉप घेऊन त्यांचा दीर मागोमाग निघाला; आई आणि मावशीही.

पाळणाघराच्या ऑफिसात विंडोजऐवजी लिनक्स प्रणालीवर चालणारा कॉम्प्युटर होता. संचालिकाबाईंनी परवाची फाइल लावली. पडदा काळा, बाळाचं रडणं मात्र शेवटपर्यंत स्वच्छ.

“बघा, खराब. मला नुसतं चालू-बंद येतं बाई. पासवर्ड भाच्याकडेच असतो.”

भाचा खुर्चीत रेलला होता. “कॅमेऱ्याचा दोष. मी महिनाभर इकडे फिरकलोही नाही. मशीनला इंटरनेटच नाही, बाहेरून कोण हात घालणार? तुम्हाला नाही कळायचं, काकू.”

“कसं कळणार!” घारबाई गोड हसल्या आणि आईकडे वळल्या. “इथलं आधीचं काही पाहिलंयत?”

“मागच्या आठवड्यात. बाळाची पहिली पावलं. याच पडद्यावर.”

तीही फाइल लावली. आवाज होता, चित्र नाही.

“अरेरे, तीही बिघडली!” दीर हळहळला.

“भाऊजी, डोकं घरी ठेवून आलात का? फाइल बिघडली असती तर आवाजही अडखळला असता. इथे चित्र उलगडणारं प्लगइन, म्हणजे छोटा जोडप्रोग्राम, वेगळं, आवाजाचं वेगळं. चित्राचं कुणीतरी काढून टाकलंय. त्याला पासवर्ड लागतो, आणि ते इथे बसूनच करावं लागतं. आठवड्यापूर्वी चित्र दिसत होतं. मग महिनाभर न फिरकलेले हे दीडशहाणे मधे आले कधी?”

“पण वहिनी, फाइलच का नाही पुसली?”

“पुसली तर जाब द्यावा लागतो. खराब झाली म्हटलं की लोक हळहळून घरी जातात. तुमच्यासारखे.”

त्यांनी फाइल लॅपटॉपवर घेतली. चित्र लख्ख उमटलं. एका हाताला धरून बाळाला हिसडणाऱ्या संचालिकाबाई. मावशी पलीकडे, दुसऱ्या मुलाला भरवत.

“हल्लीची मुलंच नाजूक,” संचालिकाबाई पुटपुटल्या. भाचा दाराकडे पाहू लागला.

घारबाईंनी लॅपटॉप आईकडे वळवला.

“मावशी, चुकले मी. चला, पोलिसांत जाऊ,” आई म्हणाली.

“जाऊ. आधी पालकांना बोलवा. ज्यांच्यासमोर मला हाकललं, त्या सगळ्यांना.”

मावशींनी संचालिकाबाईंचीच खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसल्या.