काकूंचं लॉक झालेलं खातं

ही गोष्ट मी रचलेली नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण ज्याच्यावर ही वेळ आली तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, आणि त्याला साधी थापसुद्धा धड मारता येत नाही.

आणि हो, यात मध्यरात्र नाही, अंधार नाही. शुक्रवारची भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, सगळे दिवे चालू, आजूबाजूला माणसंच माणसं.

म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

भावाला घरी आम्ही बारक्या म्हणतो. सहा फूट वाढला तरी बारक्याच. तो त्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळतो. तिथली सगळी माणसं आणि सगळे कॉम्प्युटर एकाच ठिकाणी नोंदलेले असतात, त्याला म्हणतात डिरेक्टरी. कुणी कुठल्या मशीनवर बसायचं, कुणाला कुठली फाइल उघडायची, सगळं तीच ठरवते. थोडक्यात, ऑफिसचा दारवान. तिने ओळखलं नाही तर तुम्ही तिथे नाहीच.

या दारवानाच्या किल्ल्या बारक्याकडे. त्यामुळे साहेबसुद्धा त्याच्याशी जरा जपून बोलत, आणि आमच्या बारक्याची कॉलर कायम ताठ.

बिलिंगला एक काकू होत्या. निवृत्तीला आलेल्या. त्यांचं खातं सारखं लॉक व्हायचं. चुकीचा पासवर्ड लागोपाठ पडला की डिरेक्टरी दार लावून घेते, मग ते बारक्यानेच उघडायचं. जेवणाची सुट्टी संपली की त्यांचा फोन ठरलेला.

"बाळा, परत विसरले रे."

बारक्या उघडून द्यायचा. त्यांच्यावर कधी रागावला नाही. पण फोन ठेवला की त्यांची नक्कल करायचा. तो ओशाळलेला सूर अगदी हुबेहूब. सगळं ऑफिस खो खो हसायचं. घरी आमच्यापुढेही त्याने ती नक्कल केली आहे, आणि मीसुद्धा पोट धरून हसले आहे.

मग एक दिवस काकू गेल्या. झोपेतच.

त्यांच्या जागी नवी मुलगी आली. खरं तर गेलेल्या माणसाचं खातं बंद करायचं आणि नव्याला नवं काढून द्यायचं, ही रीत. पण काकूंना वर्षानुवर्षं मिळालेल्या एकेक परवानग्या नव्या खात्याला पुन्हा कोण देत बसणार? बारक्याने खातं तेच ठेवलं. वरचं नाव बदललं, पासवर्ड बदलला, झालं काम. "घर तेच, फक्त पाटी नवी," असा विनोदही केला.

मी म्हटलं त्या शुक्रवारी जेवणानंतर ती मुलगी त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. चेहरा रडवेला. खातं लॉक झालं होतं. आठवड्यात तिसऱ्यांदा. साहेब सर्वांसमोर म्हणाले होते, ही पण विसरभोळीच निघाली, असंच चाललं तर कठीण आहे.

"मी बरोबरच टाकते हो पासवर्ड," ती म्हणाली.

तेवढ्यात बारक्याचा फोन वाजला.

काकूंच्या टेबलाचा नंबर...

मुलगी तर त्याच्यासमोर उभी. त्याने काचेतून पलीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी. टेबलावरचा फोन जागच्या जागी ठेवलेला.

त्याने उचलला.

आधी काहीच नाही. नुसता श्वास... मग...

"बाळा, परत विसरले रे."

मुलगी विचारत होती, काय झालं, कोण आहे. त्याने फोन ठेवला आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने उठला.

पॅसेजमध्ये कुणी नव्हतं.

टक्...

टक्... टक्...

एका बोटाने, अक्षर शोधत शोधत कुणीतरी टाइप करत होतं. काकू तशाच टाइप करायच्या. मध्येच थांबायचं. मागे जायचं. पुन्हा टक्...

आवाज पॅसेजच्या टोकाकडून येत होता, आणि तिथे कॉम्प्युटर नव्हताच.

तिथे होता फक्त जुना स्कॅनर. सगळ्यांच्या वापरातला.

बारक्या जवळ गेला, तसा आवाज थांबला. स्कॅनरच्या छोट्या पडद्यावर सेटिंगचं पान उघडं होतं. ते त्याच्याशिवाय कुणालाच उघडता येत नाही. आणि त्यावर खातं होतं काकूंचं...

मग त्याला आठवलं. फाइल पाठवायला स्कॅनरला कुणाचं तरी खातं लागतं. काकूंच्या खात्याला सगळ्या परवानग्या होत्या, म्हणून त्याने स्कॅनरमध्ये त्यांचाच पासवर्ड टाकून ठेवला होता. तेवढ्यापुरता. पुढे काकूंनी नियमाप्रमाणे आपला पासवर्ड बदलला. स्कॅनरमध्ये मात्र जुनाच राहिला. जेवणानंतर जो तो बिलं स्कॅन करायचा, स्कॅनर जुना पासवर्ड घेऊन दार ठोठावायचा, आणि डिरेक्टरी काकूंना बाहेर काढून कडी लावायची.

काकू काहीच विसरत नव्हत्या. कधीच नाही.

बारक्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला.

नंतर त्याने स्कॅनरमधलं खातं काढलं. साहेबांना जाऊन सांगितलं की मुलीची काही चूक नाही, मशीनमध्ये बिघाड होता. मुलीचा जीव भांड्यात पडला. पण मशीनमध्ये ते कुणी घातलं, हे काही त्याच्या तोंडून निघालं नाही. साहेबांनी उलट त्याची पाठ थोपटली.

सोमवारी जेवणानंतर पुन्हा फोन.

"बाळा... किती त्रास देते ना रे मी तुला."

आजूबाजूला सगळे बसलेले. बारक्या नेहमीसारखं "उघडतो काकू" एवढंच बोलला आणि फोन ठेवला. मंगळवारी तेच. मग त्याने मुलीला नवं खातं काढून दिलं, जुनं पुसून टाकलं, काकूंच्या टेबलाचा फोनसुद्धा काढून घेतला.

बुधवारी फोन आलाच. तोच नंबर. तोच ओशाळलेला आवाज.

त्या संध्याकाळी तो काकूंच्या घरी गेला. त्या गेल्या तेव्हा गेला नव्हता, वेळ झाली नाही म्हणे. काकांनी चहा केला. बोलता बोलता म्हणाले, शेवटची दोन वर्षं तिने धसकाच घेतला होता. आपलं डोकं कामातून गेलं म्हणायची. डॉक्टर सांगून थकले, काही झालेलं नाही म्हणून. नात दिवसभर तिच्याकडे असायची. जीव की प्राण. शेवटी नातीलाच मुलाच्या घरी धाडून दिलं. कुठे नेलं आणि तिथेच विसरून आले तर, म्हणायची.

बारक्याने कप खाली ठेवला. आता सांगायचंच, असं ठरवलं.

काकाच म्हणाले, "तुझं फार नाव काढायची हो. म्हणायची, मी इतका त्रास देते, पण पोरगा एका शब्दाने बोलत नाही."

मग तो काय सांगणार? चहा संपवला आणि मान खाली घालून निघून आला.

तिथून थेट माझ्याकडे. स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून लहान मुलासारखा रडला. आधी मला खरं वाटेना. मग माझी पाचावर धारण बसली. पण त्याला म्हटलं, काकांना सांगायचं धाडस नसेल तर निदान ज्यांना सांगायला हवं त्यांना तरी सांग.

गुरुवारी फोन वाजला. या वेळी त्याने आजूबाजूला पाहिलं नाही.

"काकू, तुम्ही काही विसरत नव्हता. चूक माझी होती. सगळी माझी."

पलीकडे शांतता...

श्वाससुद्धा नाही...

त्याला वाटलं, संपलं. मोकळे झालो, त्याही आणि मीही.

मग आवाज आला. पहिल्यांदाच त्यात ओशाळेपणा नव्हता. खूप आनंदात होता तो आवाज.

"मग नातीला आणू का रे आता माझ्याकडे?"

बारक्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं. इतक्या दिवसांचं ओझं उतरलेलं. तो बोलून गेला, "आणा ना काकू. खुशाल आणा."

फोन बंद झाला.

आणि मग त्याला कळलं, आपण काय बोलून बसलो ते.

त्यानंतर तो फोन वाजलेला नाही. बारक्या काही ना काही निमित्त काढून रोज काकांना विचारतो, नात कशी आहे? बरी आहे, म्हणतात. खाते-पिते, खेळते. फक्त हल्ली एक नवीनच खूळ घेतलंय. जेवण झालं की बूट घालते आणि दाराशी जाऊन बसते. कुणी उठवलं तरी उठत नाही.

काकूंच्या सुनेला वाटतं, पोरीचा काहीतरी खेळ असेल. तिला खरं काय ते सांगायला हवं, हे मी बारक्याला रोज बजावते. त्याचं उत्तर एकच. परवानगी मीच दिली, हे कुठल्या तोंडाने सांगू ताई, म्हणतो.