काटकोनाच्या आत

आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. इतकं सोपं होतं सगळं. पण बेळगावच्या त्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर चौकटीच्या शर्टातला एक उंच माणूस वॉकरमध्ये असा काही अडकला होता, की बाकांवर बसलेल्या सात म्हाताऱ्या आपापली दुखणी विसरून हसत होत्या.

"आधी वॉकर पुढं टाका हो," तेजस्वीला राहवलं नाही. "तुम्ही त्याला सोडूनच निघालाय."

तो वळला. "तुम्ही मास्तरीण हाय काय?"

"आहे. निपाणीच्या हायस्कुलात. गणित शिकवते."

"तरीच..." तो म्हणाला आणि हसला. त्याचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला होता. तेजस्वीला तो दात उगीचच आवडला.

खुबा बदलायचं ऑपरेशन ठरलेल्यांना आधी एक दिवस बोलावून चालणं, बसणं शिकवत, त्यातला हा वर्ग. तो नागेंद्र, शहापूरचा, विणकरांचे माग दुरुस्त करणारा. पेशंट त्याची आई, मालुबाई. चारचौघांत वॉकर धरायची त्यांना लाज वाटत होती, म्हणून 'आधी तू चालून दाखव' असं सांगून त्यांनी लेकालाच उभं केलं होतं.

"तुम्ही कुणाला घेऊन आलाय?" त्यानं विचारलं.

"कुणाला नाही... पेशंट मीच."

आता 'अरेरे, एवढ्या लहान वयात' येणार, म्हणून ती तयारीत राहिली. तेजस्वी एकतीस वर्षांची. खुबा जन्मापासूनच जागेवर नव्हता. लंगडत का होईना, आजवर निभावलं, पण आता फळ्यासमोर एक तास उभं राहणंही जमेना. नागेंद्र मात्र एवढंच म्हणाला, "बरं झालं. आईला सोबत झाली. तारीख कवाची?"

तारीख एकाच आठवड्यातली निघाली.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई कानडीत 'निधान, निधान' म्हणजे सावकाश, सावकाश असं बजावत नियम सांगू लागल्या. ऑपरेशननंतर मांडी घालायची नाही, बुटक्या पाटावर बसायचं नाही, नव्वद अंशांच्या खाली वाकायचं नाही.

"नव्वद म्हंजी किती गं?" मालुबाईंनी तेजस्वीला विचारलं.

तेजस्वीनं वही काटकोनात उघडून दाखवली. "एवढंच, मावशी. ह्याच्या खाली न्हाय."

"मग पाया कसं पडायचं?"

"पडायचंच न्हाय."

"ह्ये काय खरं न्हाय," मालुबाई म्हणाल्या.

शंका आल्या तर विचारायला म्हणून नागेंद्रनं तिचा नंबर घेतला, आणि शंका रोज येऊ लागल्या. आई विचारतीया, तोंड धुताना काटकोन मोडतो काय? आई विचारतीया, शिंक आली तर? चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, "आई विचारतीया, मास्तरीणबाईंना सिनेमे आवडतात का?" तेव्हा तेजस्वी ओठ दाबून म्हणाली, "मावशींना फोन द्या बघू." पलीकडून नुसतं खाकरणं ऐकू आलं.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी तो निपाणीला आला. पिशवीत जुन्या मागाच्या लाकडाचे चार ठोकळे होते. पलंग उंच हवा, नाहीतर उठता-बसताना नव्या खुब्याला ताण येतो. आईच्या पलंगाला केले तसेच हेही केले होते. तेजस्वीच्या आईनं, जयाबाईंनी, चहा दिला आणि त्या काहीतरी शोधायला म्हणून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

ठोकळा बसवता बसवता तो म्हणाला, "एक शंका हाय... आईची न्हाय. माझी."

याच खोलीत तेजस्वीला तीनदा 'चालून दाखव बाळ' म्हणून झालं होतं. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत ती चालली होती, पाहुण्यांनी पोहे खाल्ले होते, 'कळवतो' म्हणाले होते आणि कळवलं नव्हतं. चौथ्यांदा ते सोसायची तिच्यात ताकद नव्हती. आणि हा माणूस तर तिला आवडून बसला होता.

"ऑपरेशननंतर विचारा," ती म्हणाली. "पाय सरळ झाला, की."

"मग पाय सरळ झाला म्हणून विचारलं, असं वाटंल तुम्हाला." तो मान वर न करता म्हणाला. "म्हणून आजच विचारतो. माझ्याशी लगीन करशीला? उत्तर कवा बी द्या... मी परत विचारणार न्हाय."

आणि त्यानं खरंच विचारलं नाही. ऑपरेशननंतर हॉस्पिटलात तेजस्वी आणि मालुबाईंचे बेड शेजारी होते. पहिले दोन दिवस तेजस्वीला वेदनेपुढं काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात दोन वॉकर निघाले, आणि पुढं कोण जातं यावर मालुबाई हुज्जत घालू लागल्या. तेजस्वीचा कंगवा पडला आणि तिचा हात खाली गेला, की मागून नागेंद्रचा हळूच आवाज यायचा, "काटकोन..." तेवढ्यानं तिचा दिवस सोन्याचा व्हायचा.

उत्तर तिच्या ओठांवर होतं. भीती होती ती मालुबाईंची. शेजारच्या बेडवरची पोरगी म्हणून माया करणं वेगळं, आणि सून म्हणून बघणं वेगळं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात मायलेक निपाणीला आले. जयाबाईंनी सतरंजी गुंडाळून खुर्च्या मांडल्या होत्या. चहा झाला. मालुबाईंनी कप ठेवला आणि म्हणाल्या, "पोरी, जरा चालून दाखव गं."

जयाबाईंचा चेहरा उतरला. नागेंद्र "आई—" म्हणत अर्धा उठला.

मालुबाई मात्र काठी टेकून स्वतःच उभ्या राहिल्या. "एकटीला न्हाय म्हणत. मी बी चालणार हाय. डॉक्टर म्हणतोय माझी चाल अजून वाकडी हाय. मी बघायला न्हाय आले, शिकायला आलीया."

तेजस्वीला हसू आलं आणि डोळेही भरले. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत दोघी शेजारी शेजारी चालल्या, सावकाश, एकमेकींचा हात धरून. या खोलीत चालताना तिला पहिल्यांदाच कुणाच्या नजरेची भीती वाटली नाही.

दाराशी पोचल्यावर सवयीनं ती मालुबाईंच्या पायांकडे वाकू लागली.

"काटकोन," मायलेक एकदम म्हणाले.

ती अर्ध्यातच थांबली. सरळ झाली. मग तिनं त्याच्याकडे बघितलं... नीट, डोळ्यांत.

"नागेंद्र," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. "माझ्या वाटणीचा नमस्कार तू कर."

त्याला कळायला क्षणभर लागलं. मग तो पुढं आला आणि आईच्या पायांवर वाकला. "ह्यो माझा," तो म्हणाला. पुन्हा वाकला, पहिल्यापेक्षा खाली. "आणि ह्यो हिचा."

"जोडीनं सुखी ऱ्हावा," मालुबाई म्हणाल्या आणि त्यांनी तेजस्वीला कुशीत ओढलं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या जयाबाई पदरानं डोळे टिपत होत्या.

नागेंद्र अजून वाकलेलाच होता. बहुतेक त्याला कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

"ऊठ की रं आता," तेजस्वी म्हणाली. "काटकोन मोडलास."