डॉल्फिनचं नाक कुठे?

ओल्या फडक्याने एक प्राणी वाचतो आणि दुसरा गुदमरतो, असं कसं? सांगते. पण आधीच कबूल करते, त्या सकाळी माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

मी अन्विता, सहावीत. माझी सुमेधाआत्या आंबोलीच्या भेकांवर (खडबडीत कातडीच्या बेडकांवर) संशोधन करते. ते आता फार थोडे उरलेत. टिपरू हा तिचा यंत्रमानव. सुकत चाललेला भेक दिसला की ओल्या फडक्यात गुंडाळायचा, एवढंच त्याला शिकवलेलं.

आम्ही तिघं मालवणच्या किनाऱ्यावर पोचलो, तर रापणीत (सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्यात) अडकून पाठीवर उंचवटा असलेला एक हंपबॅक डॉल्फिन वाळूवर आलेला! तोही दुर्मीळच. आत्या वनखात्याच्या माणसांना आणायला धावली.

"त्वचा सुकतेय. पूर्ण झाका," टिपरू म्हणाला. आम्ही डॉल्फिनला ओल्या फडक्यांनी डोक्यापासून शेपटीपर्यंत झाकलं.

"अगो चेडवा, तेचा नाक बुजवलंस!" रापण ओढणारे भिकाजीकाका ओरडले. "डोक्यार आसा ता!"

डोक्यावर नाक? काहीतरीच काय!

"फडकं काढू नका," टिपरू म्हणाला. "त्वचा सुकली की श्वास बंद."

अरे देवा, ऐकायचं तरी कुणाचं? डॉल्फिन शेपटी आपटत होता. मग तीही थांबली. मला रडूच कोसळलं, आणि रडत रडतच मी त्याच्या डोक्यावरचं फडकं ओढलं.

फूऽऽस! माशांच्या वासाचा फवारा थेट माझ्या तोंडावर.

तेवढ्यात आत्या वनखात्याच्या माणसांना घेऊन आली. "अगं, भेक उभयचर (पाण्यात आणि जमिनीवर जगणारा). त्याला फुप्फुसं असतात, शिवाय ओल्या कातडीतूनही हवा आत जाते. डॉल्फिन सस्तन (पिल्लाला दूध पाजणारा). तो फक्त फुप्फुसांनी श्वास घेतो, आपल्यासारखा. म्हणून तर सारखा पाण्यावर येतो."

"मग त्याला ओलं कशाला करायचं?" माझा गोंधळ काही संपेना.

"कातडीखाली चरबीचा जाड थर आहे ना! समुद्रात तो ऊब देतो, पण उन्हात त्याच्यामुळेच डॉल्फिन तापतो. पाण्याने तो थंड राहतो."

मग ताडपत्री आली. जाळं ओढणाऱ्या त्याच माणसांनी डॉल्फिनला हळूहळू खोल पाण्यात नेलं. तो बुडाला. मी श्वास रोखून बघत राहिले. लांबवर एक फवारा उडाला, आणि आनंदाच्या भरात भिकाजीकाकांनी चक्क टिपरूच्या पाठीवर थाप मारली.

"मला माहीत नव्हतं," टिपरू म्हणाला. हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला होता.

आता अनोळखी प्राणी दिसला की तो आधी विचारतो, "हा श्वास कुठून घेतो?" आत्या म्हणते, आता खरा शिकायला लागला.