घोट्यांवरची पकड

ही गोष्ट मी रचलेली नाही. माझ्या मावशीच्या बाबतीत ती गेल्या वर्षी घडली. भर दुपारी, वादळात, समुद्राकाठच्या उंच कड्यावर.

मावशीचे यजमान समुद्रपक्ष्यांचे नावाजलेले छायाचित्रकार. ते कड्याच्या टोकाशी पालथे पडून खालच्या घरट्यांचे फोटो काढत. मावशी मागे बसून त्यांचे घोटे धरून ठेवी. फोटो झाला की टाच दोनदा हलवायची, मग मागच्यानं ओढून घ्यायचं. अशी रीतच होती.

एकदा तिनं कॅमेरा मागितला.

"तुला नाही जमायचं," काका म्हणाले. विषय संपला.

पुढे काका तापानं गेले. कॅमेरा मागे राहिला.

त्या दुपारी एक पिल्लू कपारीतून पहिली झेप घेणार होतं. अशी झेप एकदाच. मावशीच्या नावावरचा तो पहिला फोटो ठरणार होता.

घोटे धरायला धाकटा दीर आला होता.

"वहिनी, दादा गेला, पण त्याचं खूळ काही घरातून जाईना. छत्री आणतो गाडीतून. तोवर पुढे सरकू नका."

तो गेला आणि पिल्लू कपारीच्या तोंडाशी आलं. थांबण्यात अर्थ नव्हता. मावशी पालथी पडली, पुढे सरकली.

घोट्यांवर पकड बसली.

"आलात भाऊजी?"

मागे न बघता तिनं डोळा कॅमेऱ्याला लावला.

इतका वेळ कडा पक्ष्यांच्या कलकलाटानं दणाणत होता. तो एकाएकी थांबला. वारा चालू. पाऊस चालू. पक्षी मात्र चिडीचूप...

पिल्लानं पंख उघडले. तिनं बटणावर बोट टेकवलं...

आणि कुणीतरी तिला खसकन मागे ओढलं.

टाच तिनं हलवलीच नव्हती.

फोटोत नुसतं फरकटलेलं आभाळ आलं.

"अहो भाऊजी, हे काय..." ती वळली.

मागे कुणी नव्हतं. दीर लांब, गाडीपाशी, उलटी झालेली छत्री सावरत होता.

"मेल्यावरही माया सुटली नाही बघ," माझी आई म्हणते. "कडा ढासळणार असेल. वाचवलं त्यांनी तुला."

कडा आजही तसाच आहे. एक दगड हललेला नाही.

"वाचवायचंच होतं," मावशी मला म्हणाली, "तर मी पुढे सरकतानाच ओढायचं. पिल्लानं पंख उघडेपर्यंत कशाला थांबायचं?"

यंदाची पिल्लं झेपेला आली आहेत. घोटे धरायला तिनं मला बोलावलंय.

तिथं माझ्या हातांना जागा असेल का... एवढंच मनात येतं.