बहुरूपी संख्या

पाचगणीच्या पठारावरच्या संदेशकेंद्रात सुनेत्रा कारखानीस डोळे मिटून बसल्या होत्या. झोप नव्हती, नुसता शीण होता. ‘अगस्ती’ यान ज्या ग्रहाकडे निघालं होतं, तो आपल्याच ताऱ्याच्या भडक्यात होरपळून गेला होता. यानातली माणसं शीतनिद्रेत होती, त्यांना याचा पत्ताही नव्हता. त्यांतच बाईंची मुलगी ऋजुता होती.

यान वळवायचं तर आज्ञेवर गुप्तसंख्येची मोहोर हवी. ती संख्या बाईंच्या नवऱ्याने, यानाचं आकडी कुलूप घडवणाऱ्या श्रीनिवासने, उड्डाणानंतर सर्वांसमक्ष नष्ट केली होती. यानावर हक्क सांगणारी सरकारं हमरीतुमरीवर आली होती. कुणालाच ते ओढून नेता येऊ नये, म्हणून. तो गेला तेव्हाही बाईंनी त्याला माफ केलं नव्हतं.

“मॅडम, कुलूप फुटलं,” सहकारी भार्गव डोईफोडे आत येत म्हणाले. ते चक्रावलेले दिसत होते.

“कसं फुटेल? दोन अवाढव्य मूळ संख्यांचा गुणाकार आहे तो. दोन्ही खऱ्या ना, विचारलं तेव्हा श्रीनिवास ‘खऱ्याच’ म्हणाला होता. अवयव शोधून गुप्तसंख्या काढायला जन्म पुरायचे नाहीत.”

“त्यातली एक मूळ नाहीच. तिचे तीन तुकडे पडतात. लहान तुकडे, म्हणून यंत्राला सापडले.”

“मग कुलूप चाललं कसं? भलती संख्या असती तर पहिलाच संदेश अडकला असता.”

“ही बहुरूपी आहे. विभाज्य असूनही कुलपाच्या गणितात हुबेहूब मूळ संख्येसारखी वागते. यानाच्या तपासणीलाही कळलं नाही.”

बाई सरळ बसल्या. “एवढी मोठी बहुरूपी चुकून हाती लागेल?”

“छे! ती मुद्दाम घडवावी लागते. आणि सरांनी तुकडे असे बेतलेत, की तेव्हाच्या यंत्रांना फुटू नयेत, आजच्यांना फुटावेत.”

“मला तरी सांगायचं होतं,” बाई पुटपुटल्या. मग स्वतःच मान हलवली. “नाही. त्याने सांगितलं असतं, तर मी दुसऱ्याच दिवशी पोरीला माघारी बोलावलं असतं. माझ्या पाठोपाठ सगळेच आत शिरले असते.”

“आताही शिरतील. आपल्याला फुटलं ते उद्या कुणालाही फुटेल.”

“म्हणून आधी परतीची आज्ञा, लगेच नवं कुलूप. नवी संख्या मी निवडते. तुम्ही बाहेर थांबा, भार्गव.”

ते निमूटपणे बाहेर गेले. यान घरी पोहोचेल तेव्हा आपण नसू, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी आज्ञा धाडली, नवं कुलूप घातलं, गुप्तसंख्या पुसली आणि दार उघडलं.

“दोन्ही खऱ्या मूळ संख्याच घेतल्यात ना?” भार्गवनी विचारलं.

“खऱ्याच,” चष्मा पुसत सुनेत्राबाई म्हणाल्या, आणि श्रीनिवासला हा एक शब्द उच्चारताना किती जड गेलं असेल, ते त्यांना प्रथमच कळलं.