तांड्याच्या विहिरीत कोण?

"तळाची माती आणली तर मानू. नुसती बुडी मारून वर आली, तर सगळे आंबे माहे!" भारतने विहिरीच्या काठावरून बजावलं.

पैजा लावण्यात भारतचा हात धरणारं तांड्यात कोणी नव्हतं. स्वतः मात्र तो कमरेएवढ्या पाण्यापुढे जात नसे, हा भाग वेगळा. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि फुलसावंगीजवळच्या त्या बंजारा तांड्यावर दुपारी करण्यासारखं एकच काम होतं, विहिरीत डुंबणं. संगीता, तिचा चुलतभाऊ भारत आणि फुलसावंगीहून सायकल हाणत येणारा त्यांच्या वर्गातला नयन, तिघं ते काम अगदी इमानेइतबारे करत होते.

संगीताने नाक दाबलं आणि उडी मारली.

आधी हिरवं पाणी, मग काळं. कानात दडे बसले. हाताला गाळ लागला, तिने मूठ भरली आणि त्याच वेळी तिच्या पोटरीवरून काहीतरी सरकत गेलं. थंडगार, बुळबुळीत, तिच्या दंडाएवढं जाड. सरकतच राहिलं, संपेचना! ती वळली, तर वीतभर अंतरावर रुंद तोंडाचं एक डोकं तिच्याकडे बघत होतं.

मूठ सुटली. वर कशी आली, पायऱ्या कशा चढली, तिचं तिलाच कळलं नाही. "याडी!" म्हणून आईच्या नावाने तिने एकच किंकाळी फोडली. ती अशी होती, की निम्मा तांडा हातातलं काम टाकून धावत आला.

झालं! संध्याकाळपर्यंत एकाचे दहा झाले. कोणी म्हणालं अजगर आहे, कोणी म्हणालं पाण्यातल्या साती आसरांपैकी एक कोपली आहे. शेजारची रुपीबाई तर शपथेवर सांगू लागली, की मागच्या अवसेला तिची बादली खालून कोणीतरी ओढली होती. (बादली कपारीत अडकली होती. पण घाबरलेल्या माणसाला कोण समजावणार?) भर मे महिना, पिण्याच्या पाण्याची ती एकुलती एक विहीर, तरी बायका रिकाम्या घागरी घेऊन माघारी फिरल्या.

संगीताचे आजोबा शंकरसिंग, ज्यांना ती दादा म्हणे, तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख होते. लेकरं तहानलेली त्यांना बघवेनात. त्यांनी राजकुमारला निरोप धाडला. हा राजकुमार विहिरी खोल करण्यासाठी सुरुंग लावत गावोगाव फिरे. सकाळी येतो म्हणाला. पाण्यात सुरुंगाची एक कांडी फेकली, की अजगर असो की अजगराचा बाप, पोट वर करून तरंगतो, असंही म्हणाला.

त्या रात्री संगीताने खाटेवरून पाय खाली सोडले नाहीत. डोळा लागला की पोटरीवरून ते पुन्हा सरकायचं. पण भीतीच्या आत आणखी एक गोष्ट तिला टोचत होती. त्या जनावराने तिला चावलं नव्हतं की ओढलं नव्हतं. ओरडली होती ती, आणि मरणार होतं ते.

उजाडताच नयन आईचा मोबाइल घेऊन हजर झाला. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या उज्ज्वला मॅडमनी पैनगंगेकाठच्या गावांतल्या मुलांचा मोबाइलवर एक गट केला होता. नदीत, नाल्यात, तलावात अनोळखी काही दिसलं की फोटो काढायचा आणि जागेचं नाव लिहून पाठवायचा. कुठला मासा बाहेरून येऊन घुसलाय, कुठला नाहीसा होत चाललाय, हे गावोगावच्या अशा फोटोंवरून जाणकार ताडतात. गेल्या पावसाळ्यात नयनने नाल्यातल्या एका खरबरीत पाठीच्या काळ्या माशाचा फोटो पाठवला होता. कोणा शहाण्याने घरातल्या काचेच्या पेटीतला परदेशी मासा मोठा झाला म्हणून नदीत सोडून दिला होता! तेव्हापासून नयनची कॉलर ताठच असायची.

"मॅडमले अंदाज चालत नाई," तो म्हणाला. "डोकं अन् डोक्यामागचं अंग, दोन्ही दिसलं पाह्यजे."

भारतने कोंबडीची आतडी दोरीला बांधून आणली आणि दोरीचं टोक धरून तो सगळ्यांत वरच्या पायरीवर बसला. नयन पाण्याजवळ उतरला. संगीता मधेच थांबली. पुढे पाय उचलेना. पाण्यावरचं प्रत्येक पान हललं, की ती एक पायरी मागे सरकत होती.

दोरीला हिसका बसला. कपारीतून आधी ते रुंद तोंड आलं, मग काळ्या ठिपक्यांचं पिवळट अंग. येतच राहिलं. पहिला फोटो हलला, दुसऱ्यात नुसतं पाणी आलं, तिसरा मात्र लख्ख निघाला. त्यात डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे पर स्पष्ट दिसत होते, माशाला असतात तसे.

विहिरीत रेंज नव्हती. तिघं धावत वर आले. फोटो गेला, पण मॅडमचं उत्तर येईना. आणि तेवढ्यात फाट्यावरून राजकुमारच्या ट्रॅक्टरची धडधड ऐकू आली.

संगीताने आजोबांना फोटो दाखवला, मॅडमचा निरोप येईपर्यंत थांबायची गयावया केली. राजकुमार हसला. पाण्यात सगळं वाकडंच दिसतं, म्हणाला, आणि त्याला दुपारी दुसरीकडे जायचं होतं. पिण्याच्या पाण्यात सुरुंग उडवला तर विहिरीचं जुनं बांधकाम ढासळेल का, पाणी नासेल का, हा विचार त्याच्या डोक्याला शिवलाही नव्हता.

"काल तूच बोंबलली ना?" शंकरसिंग म्हणाले. "मंग आज कायले आडवी येतं?"

राजकुमारने कांडी तयार केली आणि तो माचिस शोधू लागला. शर्टाच्या खिशात नाही, पँटच्या खिशात नाही! भारत मोठ्या निरागस चेहऱ्याने आभाळाकडे बघत उभा होता. माचिस त्याने केव्हाच लांबवली होती. पण तांड्यात माचिसचा काय तोटा? गर्दीतून कोणीतरी दुसरी पुढे केली.

मग संगीता पळाली. घराकडे नाही, विहिरीकडे. पायऱ्या उतरली आणि थेट पाण्यात शिरली.

"पोरी, वर ये!" राजकुमार वरून ओरडला.

ती काही आली नाही. राजकुमार कितीही घाईचा असला, तरी आत माणूस असताना कांडी टाकण्याइतका वेडा नव्हता. तिने भिंतीचा दगड गच्च धरला. पाणी गळ्याशी आलं होतं, दात वाजत होते, आणि ते थंडीने नव्हते. पायाखाली काय आहे ते तिला दिसत नव्हतं. वर सगळी माणसं वाकून बघत होती, आई रडत होती, आणि खाली फक्त ती दोघं होती.

मग ते आलं. आधी घोट्याला लागलं, मग पोटरीला. तेच थंडगार, बुळबुळीत अंग. ती ओरडली असती, तर वरच्यांनी तिला ओढून काढलं असतं आणि पुढचं सारं उरकून टाकलं असतं. तिने डोळे मिटले, ओठ दाताखाली धरले. अंग सरकत राहिलं, सरकत राहिलं आणि शेवटी निघून गेलं.

नेमका तेव्हा नयनच्या हातातला मोबाइल वाजला. त्याने आवाज मोठा केला. आनंदाने मॅडमना धाप लागली होती. हा साप नाही, अहीर नावाचा मासा आहे, त्या सांगत होत्या. कोणाला उगाच चावत नाही. हा जन्मतो समुद्रात, बंगालच्या उपसागराकडे, आणि बोटाएवढा असताना गोदावरी, वर्धा, पैनगंगा असा उलटा चढत येतो. आता वाटेत जागोजागी बांध झाले, पिल्लं येईनाशी झाली. इतक्या वर्षांत या भागातून त्यांच्याकडे अहिराचा एकही फोटो आला नव्हता. विहिरीत तो आला कसा, हेच त्यांना कळत नव्हतं.

शंकरसिंग पुढे येऊन काठावरून पाण्यात वाकून बघू लागले.

"म्याच आणलता," ते हळूच म्हणाले. "माह्या लग्नाच्या साली ही इहीर खांदली. नव्या इहिरीत जित्ता मासा सोडा लागते, पानी साफ राह्यते, असं बाप म्हने. म्या पैनगंगेतून लोटाभर बारके बारके मासे आणून सोडलते. एवढे वर्स त्यानं आपलं पानी राखलं, अन् मी त्याले माराले निंगालो."

रुपीबाईने पदराने डोळे पुसले. शंकरसिंगांनी राजकुमारला हात जोडले आणि तांड्याला तुझं काम नाही म्हणून सांगितलं. राजकुमार पुटपुटत ट्रॅक्टरकडे गेला. त्याच्या पाठीमागे भारतने त्याची माचिस अदबीने सीटवर नेऊन ठेवली. मोबाइलवर मॅडम अजून होत्याच. पाहणाऱ्याचं नाव नोंदवायचं होतं, ते काय लिहू, असं त्या विचारत होत्या. फोटो काढला होता नयनने, तरी तो म्हणाला, "पह्यलं संगीताचं लिवा, मॅडम. मंग आमचं."

म्हातारे शंकरसिंग काठी टेकत एकेक पायरी उतरले आणि पाण्याजवळ येऊन बसले. नातीच्या ओल्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला.

"मी नायक असून भ्यालो, अन् भ्यालेल्या मानसानं काय करू नये ते कराले निंगालतो. तू भेतभेतच उतरली, पन उतरली. चाल आता वर, बाई."

"भ्याव तं आताबी लागून राह्यलं, दादा."

"मंग बाहीर काहून येत नाईस?"

संगीताने मान वर केली. दूर फाट्याकडे ट्रॅक्टरची धडधड अजून ऐकू येत होती.

"तो फाट्यापार जाऊ द्या," ती म्हणाली. "मंग येतो."